सोलापूर, काळी माती आणि एकतिसावा नंबर

पुण्यातल्या आमच्या रनिंग क्लबात माझा नंबर पाचवा. क्रॉस कंट्रीच्या, म्हणजे रानामातीतून धावायच्या शर्यतीच्या, संघात धावतात सहा जण, पण नंबरांची बेरीज होते पहिल्या चौघांचीच, आणि ज्यांची बेरीज कमी ते जिंकतात. म्हणजे मी हक्काचा बिनकामाचा गडी. सोलापूरच्या शर्यतीला निघालो तो मटण आणि शेंगाचटणीच्या ओढीनं, हे आधीच कबूल करतो.

शनिवारी संध्याकाळची हुतात्मा पकडली. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेल्या सोलापूरच्या चौघांच्या आठवणीची ही गाडी. आमची चर्चा मात्र भिगवणपर्यंत इलेक्ट्रोलाइट पावडरीवर. रात्री दहाच्या सुमारास उतरलो, जेवलो, लॉजवर गेलो. तिथं पांघरायला काय मिळावं? सोलापुरात? अंगावर ओढलं की चटचट ठिणग्या उडणारं पातळ सिंथेटिक ब्लँकेट! चादरीच्या गावात कुडकुडत झोपलो. बाहेर अवकाळी पाऊस. आणि पहाटे चारपासून आमच्या दोन नंबरच्या गड्याच्या संडासाच्या फेऱ्या सुरू झाल्या. रश्श्याला ‘तिखट नाहीये फारसं’ म्हणाला होता तो.

मी चौथा झालो.

मैदान म्हणजे शहराबाहेरचं, तूर काढलेलं रान. एका कडेला उभा शाळू, दुसऱ्या कडेला ओढा. दोन किलोमीटरची फेरी, अशा पाच. काळी माती कोरडी असताना भेगाळते हे पुस्तकात वाचलं होतं. भिजल्यावर काय करते ते कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच फेरीत बुटांना एवढी माती लागली की पाय उचलताना बादली उचलल्यासारखं वाटायला लागलं. वर तुरीची धसकटं. माझे बूट चौदा हजारांचे. डांबरी रस्त्यावर उडी मारायला लावतात. इथं उडी सोडाच, ते मातीतच रुतून बसत होते.

चौथ्या फेरीत, ओढ्याच्या काठी, मी पुढं गेलो आणि उजवा बूट मागं राहिला. मला पत्ताच नाही. पाचसहा पावलं मोज्यावर पळालो असेन. मागून आवाज आला, “ओ पुणेकर! बूट राहिला की तुमचा! कुठं पळायलाव?”

पन्नाशीचे असावेत ते, अक्कलकोटचे. साधे कापडी बूट, त्यांनाही तेवढीच माती, पण गडी झपाझप चाललेला. मी वळलो, दोन्ही हातांनी बूट उपसला, चिखलासकट पाय कोंबला. तोवर ते पुढं. शेवटपर्यंत त्यांची पाठ दिसत राहिली, हाताला काही लागली नाही. ते तिसावे, मी एकतिसावा.

मग निकाल. आमचे नंबर ३, ७, १२ आणि ३१. बेरीज ५३. समोरच्या संघाचे ९, १०, १४, २०. बेरीज तीच, ५३! आम्ही मिठ्या मारायला लागलो, तेवढ्यात पंचांनी नियम सांगितला: बरोबरी झाली की ज्यांचा चौथा गडी आधी पोचला, ते वर. आमचा चौथा कोण, हे बघायला पाच माना माझ्याकडे वळल्या. तिसावा आलो असतो तर ५२ झाले असते, बरोबरीचा प्रश्नच नव्हता. हे मला कुणी बोलून दाखवलं नाही. परतीच्या गाडीत कुणी फारसं काहीच बोललं नाही.

पण त्याआधी अक्कलकोटचे काका आम्हाला त्यांच्या डब्यावर घेऊन बसले. कडक भाकरी काडकन मोडायची, उखळात कुटलेल्या चटणीत दही कालवायचं, बस्स. असा पाहुणचार पुण्यात हरलेल्या संघाला मिळत नाही. जिंकलेल्यालाही नाही. खाता खाता काकांनी माझे बूट हातात घेऊन उलटेपालटे केले, नखानं माती खरवडली आणि किंमत विचारली. सांगितली.

“चौदा हजार?” काका म्हणाले. “एकाचे का दोन्हीचे?”