आजीच्या आजीचं माहेर: दुर्मीळ मातृवंशाचा माग कसा काढायचा

डीएनए चाचणीच्या अहवालात मातृवंशापुढे ‘दुर्मीळ’ असं लिहून आलं की घरात लगेच इतिहास रंगायला लागतो. नाशिकमध्ये तर त्याला आयतं खाद्य आहे. पांडवलेण्यांच्या शिलालेखांत शक क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात भेटतो, दत्तामित्रीहून आलेल्या यवनाचं, म्हणजे ग्रीकाचं, दान भेटतं, आणि ‘आपली खापरपणजी शकांची’ हे ठरायला चहा संपेपर्यंतचा वेळ पुरतो. त्याआधी एक गोष्ट बघायला हवी. सार्वजनिक संग्रहांत युरोपीय वंशाच्या लोकांचे क्रम, म्हणजे डीएनएच्या अक्षरांच्या वाचलेल्या ओळी, खंडीभर आहेत आणि महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतले मूठभर. जगाच्या यादीत दुर्मीळ दिसणारी शाखा पेठ-सुरगाण्याकडे चांगली रुळलेलीही असू शकते. कुणी तपासलंच नसेल तर ती यादीत येणार कुठून?

मातृवंश म्हणजे मायटोकॉण्ड्रियल डीएनए. ए, सी, जी, टी अशा १६,५६९ अक्षरांचं कडं, प्रत्येक अक्षराच्या जागेला क्रमांक, त्यात ३७ जनुकं. आईकडून ते सगळ्या मुलांना मिळतं, पुढे मात्र फक्त मुली देतात. हे कळलं की नमुना कुणाचा घ्यायचा हे मराठी नात्यांवरूनच ठरतं. आईच्या वंशासाठी स्वतःची लाळ चालते. मामा, मावशी, मावसभावंडंही चालतात. मामेभावंडं चालत नाहीत, त्यांच्यात मामीचा वंश उतरलेला असतो. वडिलांच्या आईचा वंश हवा असेल तर वडील, काका, आत्या किंवा आतेभावंडं. चुलतभावंडं नाहीत, ती काकूची. आईच्या वडिलांच्या आईचा हवा असेल तर त्या आजोबांच्या बहिणीकडे आणि तिच्या लेकींकडे जावं लागतं. आजीला बहीण नाही आणि पोटी सगळे मुलगेच, असं असेल तर ते मुलगे हयात आहेत तोवरच तो वंश सहज हाती लागतो. नातवंडांत तो नसतो. अशा घरात चाचणी पुढच्या दिवाळीवर ढकलू नये.

चाचणी पूर्ण क्रमाचीच करावी. फक्त पहिला अतिबदलशील पट्टा, म्हणजे साधारण १६०२४ ते १६३८३, वाचणाऱ्या जुन्या स्वस्त चाचण्या भारतीय माणसाला फारशा उपयोगाच्या नाहीत. एकाच जुन्या आजीपासून निघालेल्या वंशांचा मिळून एक गट धरतात. भारतात सर्वांत जास्त आढळणारा एम हा गट ओळखला जातो ४८९, १०४००, १४७८३ आणि १५०४३ या जागांवरून. यातली एकही जागा त्या पट्ट्यात नाही. चिपवरच्या चाचण्या आधीच ठरवलेल्या जागा तेवढ्या तपासतात. त्यामुळे ओळखीची शाखा सापडते, पण तुमच्या घराण्याचा स्वतःचा बदल निसटतो, आणि दुर्मीळ वंशात नेमकं तेच हवं असतं. संपूर्ण जिनोम, म्हणजे सगळा डीएनए, ३० पट खोलीने (प्रत्येक अक्षर सरासरी ३० वेळा) वाचून घेतला असेल तर वेगळा खर्च करू नका. पेशीत मायटोकॉण्ड्रियल डीएनएच्या शेकडो ते हजारो प्रती असतात, त्यामुळे त्याच फाइलमध्ये तो भरपूर खोलीने वाचलेला सापडतो.

नमुना देण्याआधी किमान अर्धा तास चहा, जेवण, तंबाखू, सुपारी बंद. किटमधल्या नळीत टिकवणारं द्रव असेल तर ते लाळेत पूर्ण मिसळेपर्यंत हलवा. सुका फाया असेल तर तो वाळवून कागदी पाकिटात घाला. प्लॅस्टिकमध्ये दमट राहिला की बुरशी येते. एप्रिल-मेमध्ये पार्सल सोमवारी-मंगळवारी टाका, म्हणजे कुरिअरच्या गोदामात रविवारभर तापत पडणार नाही.

निकाल हाती आला की खरी गंमत सुरू होते. तुमचा क्रम ‘सुधारित केंब्रिज संदर्भक्रमा’शी ताडला जातो. मूळ क्रम १९८१ चा, दुरुस्ती १९९९ ची. हा क्रम युरोपीय एच गटातला आहे, म्हणून एम गटातल्या माणसाच्या यादीत साधारण पस्तीस-चाळीस फरक दिसतात. यादी लांब आहे म्हणजे वंश अनोखा, असं अजिबात नाही. त्याच संदर्भक्रमात ३१०७ ही जागा रिकामी ठेवलेली आहे, आकडे जुळावेत एवढ्यासाठी. तिथे ‘लोप’, म्हणजे गळालेलं अक्षर, दिसला तर दुर्लक्ष करा, तो सगळ्यांनाच दिसतो.

एक चूक मात्र सगळं काम मातीत घालते. मानवी जिनोमच्या एचजी१९ या संदर्भाच्या एका प्रचलित आवृत्तीत मायटोकॉण्ड्रियाचा वेगळाच, १६,५७१ अक्षरांचा आफ्रिकी क्रम जोडलेला आहे. फाइल त्यावर बेतलेली असेल तर जागांचे आकडे सरकतात, आणि भलताच गट येतो किंवा गटच ठरत नाही. फाइलच्या शीर्षात कड्याची लांबी लिहिलेली असते. ती १६,५६९ असेल तर पुढे जा, १६,५७१ असेल तर आधी वाचन पुन्हा योग्य संदर्भावर बसवून घ्या.

१६१८९ वर टीच्या जागी सी आला की तिथे सलग सीची लांब माळ तयार होते. जुन्या सँगर पद्धतीत वाचन तिथे अडखळतं आणि पुढची अक्षरं एकमेकांवर चढतात. ३०३ ते ३१५ च्या पट्ट्यातही हाच त्रास. म्हणून ३०९.१, ३१५.१ (बिंदूपुढचा आकडा म्हणजे त्या जागेनंतर आलेलं जादा अक्षर), १६१८२, १६१८३, १६१९३.१, ५१५ ते ५२२ मधले लोप आणि १६५१९ यांच्यावर कुठलाही निष्कर्ष टेकवू नये. वंशवृक्ष बांधणारेही ते बाजूला ठेवतात. तसंच १४६, १५२, १९५, १६१२९, १६३११, १६३६२ या जागा पुन्हापुन्हा बदलतात. दोन माणसांत १५२ आणि १६३११ जुळले म्हणून नातं लावणं म्हणजे दोघांचं आडनाव पाटील निघालं म्हणून भाऊबंद ठरवणं.

मग तो क्रम हॅप्लोग्रेप या गट ओळखणाऱ्या संगणकीय साधनात घालायचा. तो जवळची शाखा सांगतो, शिवाय दोन गोष्टी दाखवतो: त्या शाखेत अपेक्षित असूनही तुमच्यात नसलेले बदल, आणि तुमच्यात असलेले जादा बदल. अपेक्षित बदल गायब असेल तर आधी ती जागा नीट वाचली गेली आहे का ते बघा. वाचली गेली असेल तर शाखा चुकली आहे, बदल उलट फिरला आहे किंवा तुमची ओळ त्या शाखेच्या बुंध्यापाशीच फुटली आहे. यातली तिसरी शक्यता सर्वांत मोलाची. जादा बदलांपैकी वर सांगितलेल्या चंचल जागा गाळा, उरलेले जेनबँक (डीएनए क्रमांचा सार्वजनिक संग्रह) आणि मायटोमॅप (मायटोकॉण्ड्रियल बदलांचा संग्रह) यांवर शोधा. मातृवंशांचा वृक्ष कुठला वापरला तेही टिपून ठेवा. फायलोट्रीची १७ वी आवृत्ती २०१६ ची आहे, तर २०२५ मध्ये आलेला माइटोट्री बराच बारीक फांद्यांचा आहे. एकाच माणसाला दोन्हीकडे वेगळी नावं मिळू शकतात.

आता कागद. संगणकावर रमणारे लोक इथे कंटाळतात, पण मातृवंशाचा नकाशा कागदाशिवाय पोकळ राहतो. अडचण उघड आहे: दर पिढीला आडनाव बदलतं, गाव बदलतं. जात पडताळणीसाठी जमवलेले पणजोबांचे शाळेचे दाखले आणि कोतवाल बुकातल्या नकला इथे अर्ध्याच कामाच्या, कारण त्या बापाच्या ओळीत चालतात. बाईचं माहेर सापडतं ते बहुतेक जमिनीच्या कागदांत. बाप वारल्यावर झालेला वारसाचा फेरफार काढा. १९५६ च्या वारसा कायद्यानंतरच्या नोंदींत मुलींची नावं नवऱ्याच्या नावासकट आणि पुष्कळदा सासरच्या गावासकट येतात. त्याहून उपयोगी हक्कसोडपत्र. भावांसाठी जमिनीवर पाणी सोडताना सगळ्या बहिणी एकाच कागदावर सापडतात, आणि त्या बहिणींच्या लेकी म्हणजे तुमच्या वंशाच्या हयात वाहक. नाशिक जिल्ह्याचे जुने स्कॅन केलेले फेरफार ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर मिळतात, बाकीचे तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात. जुन्या नोंदींत ‘बिन’ म्हणजे मुलगा आणि ‘कोम’ म्हणजे बायको. ‘जानकी कोम रामजी’ असं असेल तर रामजी नवरा, बाप नव्हे. इथे गल्लत झाली की सासर माहेर म्हणून नोंदलं जातं आणि माग भलत्या गावाला निघतो. कागद मोडीत असतील तर जाणकाराकडून वाचून घ्या.

दुसरा ठेवा रामकुंडावरच्या आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांचा. गाव, जात, आडनाव सांगितलं की कुणाच्या वहीत बघायचं ते तिथे कळतं. मात्र नोंद पुरुषाच्या घराण्याची असते, म्हणून आजीचा माग काढताना आजीच्या माहेरचं आडनाव आणि गाव सांगायचं, आपलं नाही. श्राद्धात घेतल्या जाणाऱ्या नावांचाही उपयोग होतो, पण नीट निवडून. माता आणि मातामही या दोघीच तुमच्या मातृवंशातल्या. पितामही ही वडिलांच्या वंशाची, आणि मातृपितामही, म्हणजे आईच्या वडिलांची आई, तिसऱ्याच वंशाची. सातवाहनांच्या ‘गौतमीपुत्र’, ‘वासिष्ठीपुत्र’ या नावांवरूनही कुणी फसू नये. ती आईच्या गोत्राची नावं, आणि गोत्र आईलाही तिच्या बापाकडूनच मिळालेलं.

तीन-चार माहेरं सापडली की उगमाचा प्रश्न घ्यावा. एखादी शाखा जिथे सर्वाधिक लोकांत आढळते तिथेच ती जन्मली, ही सर्रास होणारी चूक. एका छोट्या समाजात एकाच बाईच्या लेकी वाढल्या तर टक्केवारी फुगते, पण सगळ्यांचे क्रम एकसारखे निघतात. उगमाकडे बोट दाखवतो तो वेगळेपणा: बुंध्याजवळून फुटलेल्या जास्तीत जास्त फांद्या कुठे आहेत ते बघायचं. एम४२ चं उदाहरण घ्या. ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींत माहीत असलेली ही शाखा २००९ च्या एका अभ्यासात भारतातल्या काही आदिवासी जमातींतही सापडली, पण दोन्हीकडच्या फांद्या पन्नास हजार वर्षांहून आधी वेगळ्या झालेल्या. म्हणजे अलीकडे कुणी इकडून तिकडे गेलं असं नव्हे, एकाच जुन्या प्रवासाच्या त्या दोन खुणा.

उलट प्रकार जुन्या गोव्यातला. सेंट ऑगस्टीनच्या अवशेषांत मिळालेलं हाड जॉर्जियाच्या राणी केतेवानचं आहे का, हे हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणुजीवशास्त्र संशोधन संस्थेने तपासलं. गट निघाला यू१बी. भारतीय उपखंडातल्या २२ हजारांहून जास्त माणसांत तो नव्हता, जॉर्जियात होता. ‘इथे नाही’ हे एवढ्या मोठ्या तुलनेनंतरच ठामपणे म्हणता येतं. संग्रहात चार भारतीय असताना नाही.

काळाचा अंदाज घरबसल्या काढता येतो. सोअरेस आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये काढलेल्या दरानुसार संपूर्ण कड्यात सरासरी ३,६२४ वर्षांनी एक बदल होतो. समजा शाखेतल्या पाच क्रमांत बुंध्यापासून २, ३, १, ४ आणि २ बदल आहेत. सरासरी २.४, म्हणजे सुमारे ८,७०० वर्षं. पण पाचच क्रम असल्याने प्रमाणत्रुटी, म्हणजे अंदाज इकडेतिकडे होण्याचं माप, अडीच हजार वर्षांच्या आसपास जाते आणि खरी व्याप्ती ३,८०० ते १३,६०० वर्षांची होते. शिवाय हा सरळ गुणाकार झाला. मूळ सूत्रात घातक बदल काळाच्या ओघात गळून पडतात त्याची दुरुस्ती आहे, ती धरली की आकडा हलतो. शकांची गोष्ट इथेच ढिली पडते. यू७ सारखा इराणपासून गुजरातपर्यंत पसरलेला गट शकांच्या हजारो वर्षं आधीचा. तो अंगात असला म्हणून तो कुठल्या शतकात गोदाकाठी आला हे कळत नाही. त्यासाठी बारीक फांदी आणि तिचं वय लागतं.

शून्य फरकाने जुळणारा माणूस सापडला तरी लगेच फोन करून ‘मावशी’ म्हणू नका. दोन ओळींत मिळून एक बदल व्हायला सरासरी १,८०० वर्षं लागतात, त्यामुळे समान आजी यादवांच्या काळातलीही असू शकते.

क्रम जेनबँकेत टाकायचा असेल तर ठिकाण नुसतं ‘भारत’ लिहू नका. माहीत असलेल्या सर्वांत जुन्या आजीचं माहेर, निदान तालुका तरी लिहा. मात्र त्याआधी १५५५, ३२४३ आणि ११७७८ या जागा बघून घ्या. १५५५ वर एचा जी झाला असेल तर स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिनसारख्या औषधांनी बहिरेपणा येऊ शकतो. ११७७८ वर जीचा ए असेल तर दृष्टी जाण्याचा धोका. ३२४३ चा बदल मधुमेह, बहिरेपणा आणि मेंदूच्या विकाराशी जोडलेला आहे. ही माहिती एकट्या तुमची नसते, मावशीची आणि तिच्या नातींचीही असते. तसं काही दिसलं तर क्रम जाहीर करण्याआधी डॉक्टरांना दाखवा आणि त्या घरांना सांगा.