चाटलेला हात आणि खरचटलेला गुडघा

ओपीडी संपत आली होती. एक गृहस्थ आत आले आणि बसायच्या आधीच त्यांनी उजवा हात माझ्यापुढे धरला. "डॉक्टर, रात्रभर डोळा लागला नाही. काल आणलेल्या पिल्लानं हात चाटलाय." सोबत सहा-सात वर्षांची मुलगी, खुर्चीच्या पायाला लाथा मारत बसलेली.

अशा भीतीला मी हसत नाही. रेबीजची लक्षणं सुरू झाली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. हात दिव्याखाली धरून बेचक्या पाहिल्या, नखांच्या कडा पाहिल्या. नखाशेजारची सोललेली कातडी लोक हमखास विसरतात. मग स्पिरिटचा बोळा फिरवला. डोळ्यांना न दिसणारा ओरखडा स्पिरिटनं चुरचुरतो.

"झोंबतंय?"

"अजिबात नाही."

अखंड कातडीतून हा विषाणू आत शिरत नाही. धोक्याच्या तीन श्रेणींतली ही पहिली: हात साबणानं धुवा, लस नको. त्यांना ते पटेना. "एक देऊनच टाका ना, मनाचं समाधान." खरं तर देऊन टाकणं मलाही सोपं होतं, वाद तरी मिटला असता. मी समजावत होतो, तेवढ्यात मुलगी म्हणाली, "पप्पा, माझा गुडघा पण चाटला ना त्यानं. कसल्या गुदगुल्या झाल्या!"

फ्रॉक वर केला. बोटाच्या पेराएवढं खरचटलेलं, कडेनं खपली धरलेली, मधे अजून ओलं.

"कधी पडलीस?"

"काल, सायकलवरून. मग संध्याकाळी पिल्लू आलं."

आधी जखम, मग लाळ. दात लागला नव्हता, नखही नाही, तरी उघड्या जखमेवर चाटणं म्हणजे तिसरी श्रेणी, रक्त काढणाऱ्या चाव्याच्याच रांगेतली. आणि 'घरात आणखी कुणाला चाटलं का' हे मी विचारलंच नव्हतं! पोरगी गप्प बसली असती तर दोघंही निश्चिंत मनानं घरी गेले असते.

गुडघा नळाखाली साबण लावून घड्याळ लावून १५ मिनिटं धुतला. मग जखमेत आणि भोवती सीरम, म्हणजे विषाणूला लगेच अडवणारी तयार प्रतिपिंडं, आणि दंडात लस. सीरमच्या वेळी तिनं दवाखाना डोक्यावर घेतला. वडिलांचा चेहरा पांढराफटक. "पिल्लू तर दोन महिन्यांचंच आहे, डॉक्टर." दोन महिन्यांचं, म्हणजे त्याचं स्वतःचं रेबीजचं इंजेक्शनही व्हायचंय, आणि त्याच्या आईला कुणी, कुठे चावलं होतं का, कुणास ठाऊक.

"पण पिल्लावर दहा दिवस लक्ष ठेवायचंच आहे, तर तोवर थांबू या की?" प्रश्न बिनतोड होता. कुत्र्याच्या लाळेत विषाणू उतरला असेल तर ते दहा दिवसांत आजारी पडतं, मरतं. म्हणून ही मुदत. पण समजा आठव्या दिवशी ते मेलं, तर तुमचे आठ दिवस फुकट गेले. सुई आज, नजर दहा दिवस.

तिसऱ्या आणि सातव्या दिवशीचे डोस झाले. अकराव्या दिवशी त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ दाखवला: पिल्लू चपलेचा पट्टा कुरतडतंय. चौदाव्या दिवशीचा डोस रद्द केला. अठ्ठाविसावा मात्र घ्यायला लावला, म्हणजे पुढे कधी कुत्रं चावलंच तर सीरम लागत नाही, दोनच डोस पुरतात.

मुलीला यातलं काही ऐकायचं नव्हतं. "त्याला कधी टोचणार?"

"तीन महिन्यांचं झालं की."

"तो पण रडेल?"

"तुझ्याएवढा नाही."

ती दार आपटून बाहेर गेली.