उपदेशाआधी तहसील

आमची ख्रिस्ती मंडळी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात आहे, जेमतेम तीस घरांची. बहुतेकांकडे दोन-चार एकर कोरडवाहू शेती आणि उरलेल्यांची मजुरी. गेल्या वर्षी पेरणी झाल्यावर पावसाने दडी मारली, दुबार पेरणीची वेळ आली, आणि त्याच दिवसांत शेजारच्या वस्तीतील एका शेतकऱ्याने आत्महत्या केली. ते कुटुंब ख्रिस्ती नव्हते, परंतु त्याची मेहुणी आमच्या मंडळीतली. पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी उपदेशाला हाच विषय घेतला आणि देवाने दिलेला जीव घेण्याचा अधिकार माणसाला नाही, हे पाऊण तास समजावून सांगितले. कमिटीचा सभासद म्हणून मी पहिल्या रांगेत बसून मान डोलावत होतो. उपासना सुटल्यावर ती बाई माझ्यापाशी आली आणि एवढेच म्हणाली, "भाऊ, गेल्या माणसाले अजून किती मारता?"

पाळकसाहेबांचे बोलणे आमच्या श्रद्धेला सोडून नव्हते, हे मी आजही म्हणेन. चूक अशी होती की त्या घराची काहीही माहिती न घेता आम्ही निकाल देऊन मोकळे झालो. रोमन कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या धर्मविधिसंहितेत जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला चर्चचा दफनविधी नाकारलेला होता. १९८३ च्या संहितेतून तो नकार वगळण्यात आला. आपल्या देशातही २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरावे आणि तिची काळजी शासनाने घ्यावी, असे ठरवले. इतका बदल होऊन गेला तरी आमच्या व्यासपीठापर्यंत तो पोचला नव्हता.

आम्ही चौघे त्या घरी गेलो ते जवळजवळ दोन आठवड्यांनी. पवित्र शास्त्र सोबत नेले नाही. यावरून आमच्यात थोडी वादावादीही झाली होती. त्या विधवा बाईने आमच्यापुढे एक प्लॅस्टिकची पिशवी ठेवली. आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबाला शासनाकडून एक लाख रुपये मिळतात, त्यातले तीस हजार हाती येतात आणि सत्तर हजार तिच्या नावे ठेव म्हणून राहतात, इतपत गावात सर्वांना ठाऊक असते. परंतु ते मिळण्यासाठी प्रकरण 'पात्र' ठरावे लागते. तहसीलदारांचा अहवाल जातो, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती बसते आणि सातबारा, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, थकीत कर्जाचा दाखला असे सगळे तपासले जाते. कर्ज बँकेचे, सहकारी सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे असेल तरच धरले जाते. हातउसने किंवा विनापरवाना सावकाराचे असेल तर धरत नाहीत. या बाईचे प्रकरण 'अपात्र' ठरले होते. सोसायटीचे पीककर्ज थकलेले होते, पण त्याचा दाखला कोणी जोडलाच नव्हता. नवरा जाऊन आठ दिवस झालेल्या बाईने तो आणायचा तरी कसा?

तो दाखला मिळवायला आम्हाला तीन खेपा पडल्या. मंडळीने केलेले खरे काम म्हणायचे तर इतकेच.

गावात कुजबूज सुरू झाली, ती होणारच होती. चर्चची माणसे दुसऱ्याच्या घरी का जातात, असे विचारणाऱ्याला मी दोष देत नाही. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनावर, म्हणजे विधवा व मुलींसाठीच्या त्यांच्या शाळेवर, १८९३ मध्ये धर्मांतराचा हाच संशय आला होता. पालकांनी मुली काढून घेतल्या आणि सल्लागार मंडळातील रानडे, भांडारकरांसारखे हितचिंतकही बाजूला झाले. रमाबाईंचा हेतू काय होता यावर आजही वाद होतो, तेव्हा आमच्यासारख्यांच्या नुसत्या शब्दावर गावाने विश्वास का ठेवावा? म्हणून कमिटीने ठराव लिहून ठेवला की त्या घरात कोणी स्वतःहून प्रार्थनेचा विषय काढायचा नाही, उपासनेचे आमंत्रण द्यायचे नाही आणि फोटो घ्यायचे नाहीत. तरुण संघाला शेवटची अट सर्वांत जड गेली.

खरी अडचण मात्र घरातूनच निघाली. मृताने आमच्याच मंडळीतील एका सभासदाकडूनही पैसे घेतले होते, शेकडा पाच रुपये महिन्याने, म्हणजे वर्षाला साठ टक्के झाले. त्याच्याकडे परवाना नाही. चर्चच्या छपरावरचे नवे पत्रे बहुतांशी त्याच्याच अर्पणातून आलेले आहेत, आणि दारूबंदीसाठी आमच्या बायका गावातल्या इतर बायकांबरोबर बाटली आडवी करायला निघाल्या तेव्हा गाडीभाडेही त्यानेच दिले होते. दारूवर बोलणे आम्हाला सोपे जाते, कारण दारूचे दुकान आमच्यापैकी कोणाचे नाही. सावकारीवर या व्यासपीठावरून उपदेश झाल्याचे मला आठवत नाही. कमिटीच्या बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा खूप वेळ कोणी बोलले नाही, आणि मग एकाने पुढच्या महिन्याच्या वर्गणीचा विषय काढला.

शेवटी पाळकसाहेब एकटेच त्याच्या घरी गेले. तेथे काय बोलणे झाले ते त्यांनी सांगितले नाही. त्याने व्याज सोडले आहे. मुद्दल सोडायला तो तयार नाही, आणि मुद्दल फिटल्याशिवाय त्या बाईने दिलेला कोरा स्टॅम्प पेपर परत करायलाही तयार नाही. त्याला मंडळीतून काढावे असे दोघांचे मत आहे. मला ते पटत नाही. तो बाहेर गेला तर त्याला विचारणारे कोणी उरणार नाही, हे माझे कारण, पण त्यात छपराच्या पत्र्यांची भीड किती आहे, ते मला नक्की सांगता येत नाही.

फेरविचाराचा अर्ज दाखल झाला आहे. येत्या मंगळवारी तहसीलला बोलावले आहे. ऑटो सांगून ठेवला आहे, आणि मेहुणीने या वेळी पाळकसाहेबांनाही सोबत या म्हणून निरोप दिला आहे.