पालमच्या अलीकडे, येळवशीच्या पहाटे

नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेबद्दल लिही, असं घरात सगळ्यांचं म्हणणं पडलं. लिहितो. घोडे पाहिले, उंट पाहिले, गाढवांचा बाजार पाहिला, लाल कंधारी बैलांच्या किमती ऐकून दाजींचं तोंड लाल झालेलं पाहिलं, खंडोबाचं दर्शन लांबूनच घेतलं, भंडारा डोळ्यात गेला, आणि पार्किंगवाल्याने शंभर रुपये घेऊन पावती दिली नाही. झाली यात्रा.

मला सांगायचंय ते गंगाखेड आणि पालमच्या मधल्या एका शेताबद्दल. तिथे आम्ही पहाटे साडेचारपासून आठपर्यंत एका पिकअपच्या उघड्या बॉनेटखाली डोकं घालून उभे होतो.

पिकअप दाजींची. दिवाळीच्या आधी तिच्या पाण्यात ऑइल आणि ऑइलात पाणी यायला लागलं. हेड दोनदा खोलून झालं, गॅस्केट बदलून झालं, शेवटी ब्लॉकलाच चीर निघाली. नव्या इंजिनाचा भाव ऐकून दाजी दोन दिवस जेवले नाहीत, म्हणजे ताई तरी तसं सांगते. मग त्याच मॉडेलचं, पण जुन्या पद्धतीचं, साध्या पंपाचं, कॉम्प्युटर नसलेलं इंजिन भंगारातून उचललं आणि जालन्यातल्या एका मिस्त्रीने आठवडाभरात ते बसवून दिलं. पासष्ट हजार इंजिनाचे, अठरा मजुरीचे. आरसी बुकावरचा इंजिन नंबर बदलून घ्यायचं राहिलंय, विम्यालाही कळवायचंय, पण ‘यात्रेहून आल्यावर बघू’ असं ठरलं. आमच्याकडे बहुतेक गोष्टी कशाहून तरी आल्यावरच बघायच्या असतात.

मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला यात्रा सुरू होते. त्या दिवशी दुपारी तीनला जालना सोडलं. वाटूर, मंठा, जिंतूर. बोरीला चहा. परभणीत शिरलो तेव्हा अंधार पडून बराच वेळ झाला होता आणि गाडीचे दिवे पिवळे पडायला लागले होते. मी म्हणालो, “दाजी, लाइट डिम वाटतायत.” दाजी म्हणाले, “काचा पुसल्या नाहीत.” उतरून काचा पुसल्या. दिवे तसेच. आता कळतं की गाडी तेव्हापासूनच सांगत होती, पण आम्हाला काचा पुसण्यातच समाधान होतं.

गंगाखेडला गोदावरीचा पूल ओलांडताना खिडकीच्या फटीतून असं वारं आलं की कानाला दडे बसले. जनाबाईचं गाव अंधारात मागे गेलं, हात जोडायलासुद्धा शालीतून बाहेर निघाले नाहीत. पुढे दिवे इतके मंद झाले की समोरचा ऊसाचा ट्रॅक्टर आम्ही त्याच्या ट्रॉलीत शिरता शिरता दिसला. दाजींनी गाडी रस्त्याच्या कडेला एका शेतात उतरवली. पत्र्याचं शेड होतं, बाहेर बाज होती, आवाज दिला तर कुणी ‘ओ’ दिली नाही. शेडच्या आडोशाला झोपलो. म्हणजे आडवे झालो. मोबाइल ६ अंश दाखवत होता. हिमाचलवाले हसतील, पण मेमध्ये ४३ अंश सोसणाऱ्या माणसाला ६ अंश म्हणजे काय हे त्यांनी आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक चादर घेऊन झोपून बघावं. परभणीकडची थंडी दरवर्षी पेपरात येते. पेपर वाचताना ती इतकी लागत नाही.

साडेचारला दाजींनी मला उठवलं. झोपलो नव्हतोच. सकाळच्या दर्शनाला पोचायचं तर निघायला हवं होतं.

चावी फिरवली. हीटरचा दिवा लागला, विझला. सेल्फ मारला. खुर्र... खुर्र... खु. जालन्यात दुपारी हीच गाडी अर्ध्या सेल्फवर उठत होती. इथे ती म्हातारा माणूस बाजेवरून उठतो तशी उठायला बघत होती आणि परत टेकत होती. मागे गेलो तर सायलेन्सरमधून पांढरा, पातळ, डिझेलच्या वासाचा धूर.

आता कबुली. मी हे सगळं वाचलेला माणूस आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून दाबून इतकी तापवायची की डिझेल आपोआप पेटलं पाहिजे. सकाळी ब्लॉक गार, हवा गार, म्हणून सुरुवातीला मदतीला हीटर प्लग. हे मला माहीत आहे. डिझेलमध्ये मेण असतं, गारठ्यात ते धरतं आणि फिल्टर चोंदतो, हेही माहीत आहे. आपल्याकडच्या मानकात फिल्टर चोंदण्याची मर्यादा उन्हाळी डिझेलला १८ अंश आणि हिवाळी डिझेलला ६ अंश आहे, हेसुद्धा मला पाठ आहे. आणि दाजींनी टाकीत ओतलेलं डिझेल होतं सोयाबीनच्या काढणीच्या वेळी भरून ठेवलेल्या ड्रममधलं. म्हणजे उन्हाळी. आणि मोबाइल म्हणत होता ६.

मी जाहीर केलं, “डिझेल गोठलंय.”

तीन काटक्या, एक पोतं आणि शेडमागच्या तुऱ्हाट्या पेटवून जर्मनच्या पातेल्यात पाणी तापवलं. पातेलं कुणाचं होतं देव जाणे. ते पाणी फिल्टरवर ओतलं. पुन्हा तापवलं, पुन्हा ओतलं. हातपंप मारला. यात तासभर गेला. पांढरा धूर म्हणजेच डिझेल आत पोचतंय, फक्त पेटत नाहीये, एवढी साधी गोष्ट मी, ती सगळी माहिती डोक्यात असलेला माणूस, त्या तासभरात एकदाही बोललो नाही. दाजी बोलले, “मेव्हणे, डिझेल गोठलं असतं तर धूर कशाचा?” मी म्हणालो, “पाण्याची वाफ असेल.” वाफेला डिझेलचा वास येत नाही.

ढकलूनही बघितलं. ढकलस्टार्टला सेल्फ लागतच नाही, रस्त्यावर असतो तर बहुधा तिथेच काम झालं असतं. पण काळी माती, त्यात रात्री कुणीतरी पाणी सोडलेलं. मागचं चाक चिखलात बसलं आणि माझी चप्पल त्याच्या शेजारी.

पाणी सोडणारा मग आलाच. बांधावरून बॅटरीचा उजेड हलत आला. साठीचा माणूस, धोतर गुडघ्याच्या वर खोचलेलं, अंगात स्वेटर, स्वेटरवर पोतं, पाय अनवाणी, पोटरीपर्यंत चिखल. ह्या आठवड्यात त्यांच्या फीडरला रात्रीची लाइट होती. बारानंतर मोटार चालू, हरभऱ्याला पाणी. आम्ही बाराच्या आधीच आडवे झालो होतो आणि शेडपासून हाकेच्या अंतरावर हा माणूस रात्रभर त्या पाण्यात उभा होता. आणि मी थंडीच्या तक्रारी करत होतो.

“कामून थांबलाव?”

“चालूच व्हईना गेली, मामा,” दाजी म्हणाले.

“ते पातेलं आमचंय.”

“हो मामा. घासून देतो.”

मामांनी आधी विचारायचं ते विचारलं. कुठले, कुठं चाललाव, कुणाचे पाव्हणे. मग म्हणाले, बॅटरी बसली असंल, आमच्या ट्रॅक्टरची लावून बघा. ती मोठी बॅटरी दोघांनी झोळी करून आणली. लावली. खुर्र... खुर्र. तसंच. म्हणजे बॅटरी नाही. मी लगेच दुसरी थिअरी काढली: हीटर प्लग गेलेत. दाजींनी तिसरी काढली: भंगारवाल्याने कॉम्प्रेशन गेलेलं इंजिन गळ्यात मारलं. ह्यावर दाजी जे पुढे बोलले ते पहाटेच्या वेळी, देवाच्या वाटेवर बोलायचं नव्हतं.

तेवढ्यात ते झालं, ज्यासाठी हे लिहायला बसलो.

दाजी सेल्फ मारत होते. मामांचे हात रात्रभर पाण्यात राहून पांढरे, सुरकुतलेले. हात शेकायला म्हणून त्यांनी ते इंजिनावर ठेवले. इंजिन दगडासारखं गार. हात उचलून बाजूला ठेवले, आणखी बाजूला ठेवले, जसं आपण चुलीजवळ ऊब शोधतो तसं. आणि मग एकदम हात मागे घेतला.

“ही वायर तर चटका मारायली की!”

वायर नव्हती ती. ॲक्सिलरेटरची केबल होती, पंपापासून पायाच्या पेडलापर्यंत जाणारी. तिचं काळं प्लॅस्टिकचं आवरण एका जागी मऊ पडून चिकट झालं होतं. अर्ध्या तासापासून मला काहीतरी जळल्याचा वास येत होता, तो मी माझ्या पोत्याच्या शेकोटीवर घातला होता.

थंडगार इंजिनात तापलेली एकच वस्तू, आणि तीही अशी, जिच्यात करंट असायचं काहीच कारण नाही. मी नुसता बघत राहिलो. मामा बघत नव्हते, ते बोलत होते. “आमच्या मोटारीचं असंच झालतं. अर्थिंगची तार तुटली, तर करंट भलतीकडूनच जायलता. तुमच्या ह्याला अर्थिंग कुठंय?”

अर्थिंग कुठंय.

इंजिन चासीवर थेट बसलेलं नसतं, फाउंडेशनच्या रबरांवर बसलेलं असतं. रबरातून करंट जात नाही. बॅटरीचा मायनस चासीला. मग सेल्फ फिरवायला लागणारा तो शेकड्याने अँपिअरचा करंट इंजिनातून चासीत परत यायचा कसा? त्यासाठी इंजिन आणि चासीच्या मध्ये तांब्याच्या विणलेल्या तारांची एक पट्टी असते, वीतभर लांबीची. आम्ही मामांच्या बॅटरीचा उजेड घेऊन गाडीखाली वाकलो. पट्टीची जागा होती, बोल्ट होता, पट्टी नव्हती. जुनं इंजिन काढताना त्याच्याबरोबरच ती उतरली आणि त्याच्याबरोबरच राहिली. त्या दिवसापासून बिचारा करंट मिळेल त्या वाटेने, ॲक्सिलरेटरच्या केबलमधून घरी जात होता. जालन्याच्या दुपारी ऑइल पातळ, इंजिन हलकं, तेवढ्यावर भागत होतं. इथे ऑइल काकवीसारखं झालेलं, बॅटरीचा जोर गारठ्याने उतरलेला, सेल्फला दुप्पट ताकद हवी आणि वाट मात्र सुतळीएवढी. हीटर प्लगांनाही तीच वाट, म्हणून तेही नीट तापत नव्हते. अल्टरनेटरही इंजिनालाच अडकवलेला, म्हणून दिवे पिवळे. एका पट्टीने सगळ्यांचा घात केला होता आणि आम्ही परभणीत काचा पुसत होतो.

मामांनी शेडमधून मोटारीच्या निळ्या चपट्या केबलचा उरलेला तुकडा काढला. तिन्ही तारा सोलल्या, दुहेरी केल्या, एकत्र पिळल्या. एक टोक बॅटरीच्या मायनसला. दुसरं सेल्फच्या बोल्टला. बोल्टवर गंज होता, रंग होता. तो खरवडायला पाना सापडेना, तर मामांनी विळ्याने खरवडला, चकचकीत दिसेपर्यंत. विळ्याला धार लावताना जसं डोकं तिरकं करतात तसं तिरकं करून बघितलं, मग म्हणाले, “हं.”

हीटर दिला. वीस मोजले. सेल्फ.

खर्रर्रर्र!

पहिल्या झटक्यात दोन सिलिंडर, मग तीन, गाडी अंगात आल्यासारखी थरथरली, पांढरा धूर हरभऱ्यावर पसरला, आणि चौथं सिलिंडर लागल्यावर आवाज एकसारखा झाला. दाजींनी स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावला. मामांनी दोन्ही हात सायलेन्सरसमोर धरले आणि तसेच धरून ठेवले, पाच मिनिटं, काही न बोलता.

मला लगेच निघायचं होतं. पण त्या दिवशी अमावास्या होती, वेळ अमावास्या, इकडे येळवस म्हणतात. मामा म्हणाले, “येळवशीच्या दिवशी रानात आलेला माणूस उपाशी जायला म्हंजे काय?” साडेनऊपर्यंत घरचे आले. बायकांच्या डोक्यावर आंबिलाचे मडके, पोरांच्या हातात डबे. कडब्याची खोप आधीच केलेली होती, तिच्यात चुना लावलेले पाच पांडव. पूजा झाली, मामा आंबील शिंपडत, काहीतरी कानडी वळणाचं पुटपुटत शेताला फेरी मारून आले. आणि मग भज्जी. वाटाणा, पावटा, तूर, हरभरा, सगळं हिरवं एकत्र शिजवलेलं, घट्ट. ज्वारीचे उंडे. खीर. आंबील तीन ग्लास प्यायलो, थंडीत ताक पिऊ नये असं मला वाटत असूनही. पुण्या-मुंबईत हॉटेलवाले आता भज्जी ‘फेस्टिव्हल’मध्ये विकतात, ती खाऊन बघितलीय, ती भाजी आहे.

सकाळचं दर्शन अर्थातच हुकलं. दुपारी माळेगावला पोचलो. बाकीचं वर लिहिलंच आहे.

तिथून दाजींनी मिस्त्रीला फोन लावला. मिस्त्री शांतपणे म्हणाले, “राहिली व्हय ती? दीडशे रुपयाची पट्टी हाय, आल्यावर लावून टाकू.” दाजींनी विचारलं, जुन्या इंजिनाची कुठं आहे? तर जुनं इंजिन कालच भंगारात गेलं होतं, पट्टीसकट.

अजून लावलेली नाही. मामांची निळी केबलच चालू आहे, दाजी म्हणतात हिच्यावर गाडी जास्त चांगली उठते. निघताना मामांना केबलचे पैसे देऊ केले तर त्यांनी घेतले नाहीत. पण चार फूट केबल होती हे त्यांच्या पक्कं लक्षात आहे, गाडी चिखलातून वर चढत असताना मागून ओरडून सांगितलं, “पुढच्या येळवशीला घेऊन या!”