संकेतस्थळाची तपासणी आणि चौकशीच्या खिडकीवरची वही

आमच्या शिक्षणसंस्थेने गेल्या वर्षी आपल्या सर्व वरिष्ठ महाविद्यालयांची संकेतस्थळे तपासून त्यांना गुण द्यायचे ठरवले आणि त्यासाठी तिघांचा गट नेमला. संगणकशास्त्राच्या एक प्राध्यापिका, वाणिज्य विभागाचे एक ज्येष्ठ प्राध्यापक आणि ग्रंथपाल म्हणून मी, असे आम्ही तिघे होतो. ग्रंथपालाचे या कामात काय प्रयोजन, असे बैठकीत एका सदस्यांनी विचारलेही. पण माहिती कोठे व कशी ठेवली म्हणजे शोधणाऱ्याच्या हाती ती लवकर लागते, हाच ज्याच्या नोकरीचा विषय आहे त्याला हे काम परके वाटण्याचे कारण नव्हते. डॉ. शि. रा. रंगनाथन यांच्या १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या पाच सूत्रांपैकी ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हे चौथे सूत्र ग्रंथालयाच्या कपाटांना जितके लागू पडते तितकेच संकेतस्थळाच्या पानांनाही लागू पडते.

तपासणीसाठी संस्थेने शंभर गुणांचे एक गुणपत्रक तयार करून दिले होते. आशयाची पूर्णता, अद्ययावतता, मांडणी, वेग, मोबाइलवरील स्वरूप आणि अपंग व्यक्तींसाठी सुगम्यता अशी त्यात शीर्षके होती, आणि बहुतेक प्रश्नांची उत्तरे ‘आहे’ किंवा ‘नाही’ या दोन शब्दांत द्यायची होती. जूनच्या मध्यावर, ऐन प्रवेशाच्या धामधुमीत, आम्ही कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावातील महाविद्यालयात गेलो. तेथील दिवस येथे सविस्तर लिहितो, कारण त्या दिवसानंतर आमची तपासणीची पद्धतच बदलली.

सकाळचे काम यंत्रांनी केले. प्राध्यापिका मॅडमनी लाइटहाऊस हे संकेतस्थळे तपासण्याचे गुगलचे साधन चालवले. पहिल्या पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसत होता, म्हणजे गुगलच्या निकषाप्रमाणे वेग चांगला होता. केशरी पट्टीवरील पांढरी अक्षरे फिकी पडत होती. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातील उजेडाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे या आंतरराष्ट्रीय सुगम्यता निकषात ती बसत नव्हती. बातम्यांची सरकती पट्टी थांबवण्याची सोय नव्हती; पाच सेकंदांहून अधिक काळ आपोआप हलणारा मजकूर वाचकाला थांबवता आला पाहिजे, असे तोच निकष सांगतो. या दोन बाबींचे गुण कापले गेले. बाकी संस्थापकांचे चरित्र, प्राचार्यांचे मनोगत, अभ्यासक्रम, शुल्क, शिष्यवृत्ती, वसतिगृह, रॅगिंगविरोधी समिती, तक्रार निवारण कक्ष, वार्षिक गुणवत्ता अहवाल, सारे काही ‘आहे’ या रकान्यात बसले. मुख्य मेनूत महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅक या संस्थेच्या सातही निकषांचे स्वतंत्र विभाग होते आणि प्रत्येकाखाली क्रमांकवार पीडीएफ फायलींची रांग होती. त्या मूल्यांकनासाठी महाविद्यालयाने स्वतः सादर करायच्या स्वयं-अध्ययन अहवालातील दाव्यांचे पुरावे संकेतस्थळाच्या दुव्यांनी देण्याची पद्धत २०१७ च्या सुधारित चौकटीनंतर रूढ झाली असल्यामुळे असे मेनू आता बहुतेक महाविद्यालयांत दिसतात. जेवणाच्या सुट्टीपर्यंत बेरीज ऐंशीच्या वर गेली होती आणि प्राचार्यांच्या चेहऱ्यावर समाधान होते.

दुपारी प्रत्यक्ष वापराची चाचणी होती. आयएसओ ९२४१-११ या मानकात उपयोगसुलभतेचे तीन घटक सांगितले आहेत : वापरणाऱ्याचे काम पूर्ण होते का, ते किती श्रमात होते आणि झाल्यावर त्याला समाधान वाटते का. हे तिन्ही घटक वापरणाऱ्या माणसाशिवाय मोजता येत नाहीत. उपयोगसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांच्या मते पाचेक माणसांची चाचणीही बहुतांश दोष उघड करायला पुरते. म्हणून प्रवेशासाठी आलेल्या काही मुलामुलींना व दोन-तीन आजी विद्यार्थ्यांना आम्ही विनंती केली. प्रयोगशाळेतील संगणक देऊ नयेत, ज्याने त्याने स्वतःचा मोबाइल आणि स्वतःचा डेटा वापरावा, हा मॅडमचा आग्रह होता आणि तो किती रास्त होता हे पहिल्याच कामात कळले. ते काम होते : बी.कॉम. प्रथम वर्षाचे एकूण शुल्क शोधा.

एकाही मुलाने संकेतस्थळाचा पत्ता टाइप केला नाही. सगळ्यांनी गुगलमध्ये महाविद्यालयाचे नाव लिहून पुढे ‘फी’ असा शब्द टाकला आणि दोघेजण प्रवेशाच्या जाहिराती करणाऱ्या एका तिसऱ्याच ठिकाणी जाऊन पोहोचले, जेथे दिलेला आकडा चुकीचा होता. जे मूळ संकेतस्थळावर आले त्यांना ‘प्रवेश’ या विभागात माहितीपुस्तिकेची पीडीएफ मिळाली. ती छापील पुस्तिका स्कॅन करून चढवलेली असल्याने फाइल अवजड होती आणि शुल्काचा तक्ता शेवटच्या पानांत आडवा पडला होता. एका मुलीने मोबाइल फिरवला, तसे पानही फिरले, आणि अक्षरे पुन्हा आडवी झाली. तिने मान तिरकी करून आकडा वाचला खरा, पण तो अनुदानित तुकडीचा की विनाअनुदानित तुकडीचा हे तिला सांगता येईना.

दुसरे काम बी.सी.ए.च्या प्रवेशाचे होते. संकेतस्थळावरील पान देखणे होते आणि त्यावर बारावीच्या गुणांनुसार प्रवेश दिला जातो असे स्वच्छ लिहिले होते. मुलांनी ते लगेच शोधले आणि आत्मविश्वासाने आम्हाला वाचून दाखवले. अडचण एवढीच होती की २०२४-२५ पासून बी.बी.ए., बी.सी.ए. हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि राज्यात त्यांच्यासाठी सीईटी सुरू झाली. ते पान त्याआधीचे होते. सकाळी याच पानाला आम्ही ‘अभ्यासक्रमाची माहिती : आहे’ म्हणून पूर्ण गुण दिले होते. उपयोगसुलभतेच्या दृष्टीने हे पान निर्दोष होते आणि नेमकी हीच गोष्ट मला सर्वांत घातक वाटली, कारण न सापडणारी माहिती मुलाला निदान फोन करायला लावते, पण सहज सापडलेली चुकीची माहिती त्याला निर्धास्त घरी बसवते.

तिसरे काम शिष्यवृत्तीचे होते. आपल्याला कोणती शिष्यवृत्ती लागू होईल आणि कागदपत्रे कोणती लागतील, एवढेच शोधायचे होते. एक मुलगी ‘विद्यार्थी साहाय्य’ या निकषात शिरली, तेथे ५.१.१ या क्रमांकाखाली शिष्यवृत्ती असा शब्द दिसल्यावर तिने फाइल उघडली आणि थोड्या वेळाने मोबाइल आमच्यापुढे धरला. मागील वर्षांच्या लाभार्थ्यांची ती यादी होती. नाव, जातीचा प्रवर्ग, मोबाइल क्रमांक, बँकेचे खाते, रक्कम असे सगळे रकाने त्यात होते. कार्यालयातील एक्सेलचा तक्ता पुरावा म्हणून जसाच्या तसा पीडीएफ करून चढवला गेला होता. काही रकाने वगळावेत हे कोणाच्या मनात आले नव्हते. यादीत तिच्या शेजारच्या घरातील मुलीचे नाव होते. “सर, हे कुणालाही दिसतं का?” असे तिने विचारले. दिसते, असे सांगण्यावाचून माझ्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. २०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आहे, पण कायदा नसता तरी एखाद्या मुलीचा प्रवर्ग आणि खातेक्रमांक गावभर लावणे कोणालाच पटले नसते. या दुव्यालाही सकाळी ‘शिष्यवृत्तीची माहिती : आहे’ म्हणून गुण मिळाले होते. वास्तविक शिष्यवृत्तीसाठी अर्ज कसा करावा, याविषयी संकेतस्थळावर एक ओळही नव्हती.

आजी विद्यार्थ्यांपैकी एक जण कला शाखेच्या तिसऱ्या वर्षाचा दृष्टिहीन विद्यार्थी होता. तो एनव्हीडीए हा पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा मोफत स्क्रीनरीडर सफाईने वापरतो, म्हणून त्याच्यासाठी मात्र लॅपटॉप ठेवला होता. परीक्षा विभागाची सूचना त्याने उघडली तेव्हा यंत्र अगम्य काहीतरी बोलू लागले. सूचना कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये टंकलेली होती. युनिकोड ही आजची सर्वमान्य अक्षरसंकेत पद्धत रूढ होण्यापूर्वीच्या अशा फाँटमध्ये डोळ्यांना देवनागरी दिसत असली तरी फायलीत रोमन अक्षरेच साठवलेली असतात. ‘प्रवेश’ हा शब्द त्याने एकेक अक्षर करून ऐकवला, तर यंत्र म्हणाले : आय, झेड, ओ, एस, मग अवतरणचिन्ह, मग के. सूचना मित्राकडून व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून घेतो, असे त्याने कसलीही तक्रार न करता सांगितले. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात माहिती सुगम्य स्वरूपात देण्याची तरतूद आहे. येथे तेवढ्यासाठी टंकलेखनाचा फाँट बदलणे पुरेसे होते.

चाचणी आटोपून आम्ही कार्यालयात गेलो, कारण मुलांपैकी जवळजवळ प्रत्येकाने शेवटी ‘भाऊसाहेबांना विचारू’ असे म्हटले होते. भाऊसाहेब म्हणजे चौकशीच्या खिडकीवरील ज्येष्ठ लिपिक. समोर रांग होती आणि टेबलावरील फोन सारखा वाजत होता. प्रत्येक फोन ठेवल्यावर ते एका लांबट वहीत काहीतरी लिहीत होते. चौकशी केली तेव्हा समजले की कार्यालयात फोन उचलत नाहीत अशी तक्रार पूर्वी एका पालकाने केली होती आणि तेव्हापासून त्यांनी स्वतःच्या बचावासाठी ही नोंद सुरू केली. तारीख, गाव आणि काय विचारले, एवढेच तीन रकाने. उत्तर ते लिहीत नसत.

ती वही मी उभ्यानेच चाळू लागलो आणि मग खुर्ची मागून घेतली. ‘बीसीए सीईटी लागते का’, ‘टीसी मूळ पाहिजे का’, ‘नॉन-क्रिमीलेअर निघाले नाही, पावती चालेल का’, ‘एक वर्ष गॅप आहे’, ‘एसटी पास कोण देते’, ‘हॉस्टेल फक्त मुलींचे का’. आणि पानापानावर एकच प्रश्न : ‘मुलींना फी माफ आहे ना?’ ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील मुलींसाठी शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत देण्याचा निर्णय राज्य शासनाने जुलै २०२४ मध्ये घेतला, पण तो व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. बी.ए., बी.कॉम.ला येणाऱ्या मुलींच्या पालकांनी बातमीतील ‘मुलींना मोफत’ एवढेच ऐकलेले असते. हा गोंधळ दूर करणाऱ्या चार ओळी संकेतस्थळावर असत्या तर भाऊसाहेबांचे कितीतरी फोन वाचले असते.

मॅडमनी संगणक उघडला आणि वहीतील एकेक प्रश्न घेऊन आम्ही संकेतस्थळावर त्याचे उत्तर शोधू लागलो. उत्तर आहे का, ते बरोबर आहे का, मोबाइलवर किती टप्प्यांत मिळते, असे तीन रकाने आखले. बहुतेक प्रश्नांपुढे पहिल्याच रकान्यात फुली पडली. उलट संकेतस्थळाच्या मुख्य पानाची बहुतेक जागा ज्या मजकुराने व छायाचित्रांनी व्यापली होती, त्यांविषयी वहीत एकही प्रश्न नव्हता. हे संकेतस्थळ तपासणीस येणाऱ्यांना उत्तरे देत होते आणि शिकायला येणाऱ्यांना भाऊसाहेबांकडे पाठवत होते.

संध्याकाळच्या बैठकीत प्राचार्यांनी निष्कर्ष शांतपणे ऐकून घेतले. त्यांच्याही अडचणी खोट्या नव्हत्या. संकेतस्थळाचे काम तासिका तत्त्वावरील एका तरुण प्राध्यापकाकडे होते आणि त्याचे त्याला वेगळे मानधन नव्हते. संकेतस्थळ बनवणारा कंत्राटदार प्रत्येक नव्या पानाचे पैसे लावत असे. “मुले मुळात संकेतस्थळ बघतच नाहीत,” असे त्यांचे म्हणणे होते. त्यावर मॅडमनी, बघून उपयोग होत नाही हे त्यांना एकदा कळले की ती पुन्हा कशाला येतील, असे उत्तर दिले.

खरा वाद आमच्या गटातच झाला. वाणिज्य विभागाचे सर म्हणाले की वहीवर आधारलेले गुण एका महाविद्यालयाचे दुसऱ्याशी ताडून पाहता येणार नाहीत. प्रत्येक गावाचे प्रश्न निराळे, आणि संस्थेला तर क्रमवारी हवी आहे. हा आक्षेप वजनदार आहे, हे मला मान्य होते. तरीही ज्या गुणपत्रकात चुकीचे पान आणि उघडी पडलेली यादी या दोन्हींना पूर्ण गुण मिळतात, त्यावरून लावलेली क्रमवारी कशाची क्रमवारी असेल, हे मला समजत नव्हते आणि मी ते तसे बोललो. अखेर अहवालाला दोन तक्ते जोडायचे ठरले : एक संस्थेचा आणि एक वहीचा.

लाभार्थ्यांची यादी त्याच संध्याकाळी काढायला लावली, परंतु फाइल काढली तरी शोधयंत्रात तिचा दुवा काही काळ दिसत राहतो. तो लवकर हटवण्यासाठी गुगलच्या सर्च कन्सोलमधून विनंती करता येते आणि त्यासाठी संकेतस्थळ आपलेच असल्याचे सिद्ध करावे लागते. ते खाते आधीच्या कंत्राटदाराच्या नावावर निघाले, आणि ते सोडवून घेण्यात सर्वांत जास्त वेळ गेला. बी.सी.ए.चे पान मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी दुरुस्त झालेले दिसले, आणि मुलींच्या शुल्कसवलतीविषयीचा मजकूर भाऊसाहेबांनी स्वतः सांगितला व त्या तरुण प्राध्यापकाने तो युनिकोडमध्ये टंकला.

पुढच्या महाविद्यालयात अशी वही ठेवलेली नव्हती. म्हणून तेथील कार्यालयाला आठवडाभर फोनवरचे प्रश्न लिहून ठेवायला सांगितले आणि तपासणीची तारीख पुढे ढकलली.