मशिनचं फ्युचर गेलंय

मागे आमच्या एका प्रिंटर दुरुस्त करणाऱ्या टेक्निशियनने साइटवरून व्हॉइस नोट पाठवली, की मॅडम तिसऱ्या मजल्यावरच्या मशिनचा फ्युजर (म्हणजे टोनरची पूड तापवून कागदावर पक्की करणारा भाग) गेलाय, प्रेशर रोलर पण घासलाय, दोन्ही बदलावं लागेल. मी ती नोट तशीच उचलून एआय असिस्टंटला दिली, म्हटलं सर्व्हिस रिपोर्ट बनव. दोन मिनिटात रिपोर्ट तयार, एकदम झकास, हेडिंग, तारीख, मशिनचा सिरीयल नंबर, सगळं जागच्या जागी, आणि मधोमध ठळक अक्षरात वाक्य होतं की "तिसऱ्या मजल्यावरील मशिनचे फ्युचर गेले आहे." मी वाचलंच नाही हो. पाठवून दिला. कस्टमरचा फोन आला, हसत होता बिचारा, म्हणाला मॅडम फ्युचरचं सोडा, सध्याचं काय ते सांगा.

तेव्हापासून आमच्या ऑफिसात कुठलंही मशीन बंद पडलं की त्याचं फ्युचर गेलं असंच म्हणतात.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, माझा धंदा ऑफिसातल्या प्रिंटर आणि कॉपियर मशिनच्या मेंटेनन्सचा आहे, वार्षिक कॉन्ट्रॅक्ट घ्यायचं, कॉल आला की माणूस पाठवायचा, पार्ट बदलायचा. चार टेक्निशियन, हिशोब बघणारे एक काका आणि मी. गेलं वर्षभर मी एआय वापरतेय आणि बरेच जण विचारतात की खरंच वेळ वाचतो का, तर एकदाच लिहून टाकते, म्हणजे परत परत सांगायला नको.

सुरुवातीला मी पण सगळ्यांसारखीच. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं तेव्हा दोन दिवस त्याच्याकडून कविता करून घेतल्या, भाच्याच्या निबंधाला वापरलं आणि सोडून दिलं. धंद्यात याचा काय उपयोग, हा काय टोनर भरणार आहे का, असं माझं मत. मग ऑफिस बघणारी मुलगी नोकरी सोडून गेली आणि तिची सगळी लिखापढी माझ्या टेबलावर आली तेव्हा कळलं की मशीन दुरुस्त करायला लागतो अर्धा तास आणि त्या अर्ध्या तासाबद्दल लिहायला लागतो पाऊण तास. कॉल आला त्याची नोंद, रिपोर्ट, पार्टचं कोटेशन, मंजुरीसाठी मेल, मग बिल, मग बिलाची आठवण, मग आठवणीची आठवण. रात्री दहाला लॅपटॉप उघडून मी तेच ते टाइप करत बसलेली असायचे.

तर आधी फ्युचरचं सांगते, कारण त्यातून मला हे प्रकरण चालतं कसं ते थोडंफार समजलं. हे मॉडेल म्हणजे पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त आहे ते बघून लिहिणारी गोष्ट आहे, आणि आवाजावरून लिहिताना पण तसंच, जगात लोक फ्युचर हा शब्द किती वेळा बोलतात आणि फ्युजर किती वेळा, मग आवाज जरा अस्पष्ट असला, मागे जनरेटर चालू असला, की तो फ्युचरच ऐकणार. त्याचा दोष नाही. मी मग बसून आमच्या धंद्यातल्या शब्दांची यादी केली, फ्युजर, ड्रम, डेव्हलपर, पिकअप रोलर, सेपरेशन पॅड, ट्रान्सफर बेल्ट, वेस्ट टोनर बॉक्स, असे चाळीसेक शब्द झाले, आणि ती यादी कायमची सूचना म्हणून देऊन ठेवली, की ऐकू आलेला शब्द यांच्यातल्या एखाद्याच्या जवळपासचा असेल तर यादीतला घे आणि खात्री नसेल तर तिथे प्रश्नचिन्ह टाक, स्वतःचं डोकं लावू नकोस. ते शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं निघालं. आता रिपोर्टमध्ये दोन तीन प्रश्नचिन्हं येतात, मी टेक्निशियनला विचारते, संपलं. आणि टेक्निशियन लोक तर खूश आहेत, कारण त्यांना लिहायचा मनस्वी कंटाळा, बोलायला सांगा कितीही बोलतील. आमचा सगळ्यात जुना माणूस आहे तो आधी रिपोर्टमध्ये फक्त "ओके" लिहायचा, आता पायऱ्या उतरता उतरता चार मिनिटं बोलतो.

पुढची चूक मात्र हसण्यासारखी नव्हती.

एका नव्या कस्टमरसाठी कोटेशन करायचं होतं, घाई होती, मी सगळी माहिती टाकली आणि म्हटलं जरा चांगलं प्रोफेशनल बनव. बनवलं त्याने. खाली अटींमध्ये एक ओळ स्वतःच्या मनाने घातली, की तक्रार आल्यापासून ४ तासांत आमचा माणूस हजर राहील. मी असं कुठेच सांगितलं नव्हतं, आम्ही दुसऱ्या दिवसापर्यंतची वेळ घेतो. पण असल्या कोटेशनमध्ये असली ओळ बरेचदा असते ना, म्हणून त्याने घातली, तेच आपलं शक्यता बघून लिहिणं. मी वरवर नजर फिरवली, आकडे बरोबर आहेत बघितलं, पाठवलं. कॉन्ट्रॅक्ट मिळालं. आणि पहिल्याच कॉलला त्यांनी प्रिंटआउट समोर ठेवली, चार तास लिहिलंय तुम्हीच. काय बोलणार? एआयने लिहिलं म्हणून सांगू? वर्षभर त्या एका कस्टमरसाठी माझी दोन माणसं धावतायत.

नंतर वाचलं की मोठ्यांचं पण असंच झालंय. एअर कॅनडाच्या वेबसाइटवरच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सांगितलं की नातेवाइकाच्या निधनामुळे प्रवास करत असाल तर तिकिटावरची सवलत नंतर अर्ज करून पण घेता येईल, कंपनीचा नियम प्रत्यक्षात तसा नव्हता, प्रकरण ट्रिब्युनलपुढे गेलं, तिथे कंपनीचं म्हणणं काय तर चॅटबॉट जे बोलला त्याला आम्ही जबाबदार नाही, जणू तो वेगळाच कोणी माणूस आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत निकाल लागला, ट्रिब्युनलने ते काही ऐकलं नाही, वेबसाइट तुमची तर शब्द पण तुमचा, द्या पैसे. वाचून मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आता कोटेशनच्या अटी टेम्प्लेटमध्ये पक्क्या आहेत, त्यांना तो हात लावत नाही, त्याने फक्त मधला भाग लिहायचा की काय बिघडलंय, कोणता पार्ट लागेल आणि का. आकडेमोड तर अजिबात नाही, बेरजा एक्सेल करतं. हा एक मोठा गैरसमज आहे लोकांचा, कॉम्प्युटर आहे म्हणजे हिशोब येणारच, पण हे भाषेचं मॉडेल, बेरीज पण कधी कधी त्याच आत्मविश्वासाने चुकवतं. फॉर्म्युला लिहून दे म्हटलं तर छान देतं, तो एक्सेलमध्ये टाकायचा. शिवाय बाहेर जाणारा प्रत्येक कागद काका पेन घेऊन वाचतात. स्क्रीनवर नाही, प्रिंट काढून. आधी मला वाटायचं काय हा जुना खाक्या, आता मी स्वतः प्रिंट काढून त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवते.

थकलेल्या बिलांच्या आठवणीची वेगळीच गंमत. पहिल्यांदा मराठीत मेसेज बनवायला सांगितला तर आला, "आशा आहे की हा संदेश आपणास सुखरूप भेटेल." सुखरूप भेटेल? पत्र आहे का युद्धावरून आलेलं? असा मेसेज गेला असता तर समोरच्याला वाटलं असतं माझा फोन हॅक झाला. इंग्रजीत विचार करून मराठीत उतरवतो तो, लक्षात येतं लगेच. मग मी व्हॉट्सॲपमधून माझेच जुने दहा बारा मेसेज काढले, "साहेब मागच्या महिन्याचं राहिलंय, जरा बघता का", "सर अकाउंटवाल्यांना एकदा आठवण करा ना", असे, नावं काढून टाकली आणि म्हटलं हे बघ, मी अशी बोलते. पहिली आठवण मऊ, दुसरी जरा सरळ, तिसऱ्यात बिल नंबर आणि तारीख. आता जमतं त्याला, दहातले आठ तसेच्या तसे जातात. उरलेले दोन ज्यांना जायचे असतात त्यांना मी फोनच करते, कारण ती माणसं मेसेजने हलणारी नाहीत, हे मला माहितीय, त्याला कुठून कळणार.

तर वेळ वाचतो का? मला वाटायचं दिवसाचे दोन तीन तास तरी वाचतायत. मग २०२५ मधल्या एका प्रयोगाबद्दल वाचलं, एमईटीआर नावाच्या संस्थेने १६ अनुभवी प्रोग्रामर घेतले, काही कामं एआय वापरून करायला लावली काही न वापरता, कामं संपल्यावर ते म्हणाले आमचा २० टक्के वेळ वाचला आणि प्रत्यक्षात मोजलं तर १९ टक्के जास्त लागलेला. वाचून मी चरकलेच. त्याआधी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या दोघांनी ऑफिसातल्या लिखाणाच्या कामावर प्रयोग केला होता, त्यात मात्र वेळ ४० टक्के कमी झाला होता. म्हणजे काम कोणतं आणि करणारा कोण यावर आहे सगळं. म्हटलं आपलं आपण मोजू. दोन आठवडे वहीत लिहिलं, मोबाइलचं स्टॉपवॉच लावून, घरचे हसत होते.

रिपोर्ट, आधी पंचवीस मिनिटं, आता सहा. कोटेशन, आधी चाळीस, आता पंधरा, आणि त्या पंधरातली दहा नुसती वाचण्यात. बिलांच्या आठवणी, आठवड्याचे दीड दोन तास जायचे ते वीस मिनिटांवर आले. इथपर्यंत ठीक. पण एका चिडलेल्या कस्टमरला माफीचा मेल लिहायचा होता त्यात मी एक तास दहा मिनिटं घातली, सात ड्राफ्ट झाले, जास्त नम्र कर, कमी नम्र कर, जरा माणसासारखं लिही, आणि शेवटी काहीच न पाठवता गाडी काढून भेटायला गेले, दहा मिनिटांत मिटलं. आणि एक अख्खी संध्याकाळ नवीन माहितीपत्रक बनवण्यात गेली जे कोणी मागितलं नव्हतं, सोपं झालंय म्हणून केलं. हे फार होतं बरं का. एक मेल पुरला असता तिथे आपण तीन प्रकारचे मेल बनवून निवडत बसतो.

मला काय बोलायचंय हे डोक्यात ठरलेलं असलं की तो खूप वेळ वाचवतो, आणि ठरलेलं नसलं की तेवढाच खातो. सगळं धरून आठवड्याला सहा साडेसहा तास निघाले. दिवसाचे दोन तीन तास नाहीतच, पण सहा तास म्हणजे पण काही कमी नाही.

अजून एक, कस्टमरची माहिती. नावं, नंबर, बिलाचे पूर्ण आकडे मी टाकत नाही, "कस्टमर क" असं टाकते, आणि आपल्या चॅटवरून मॉडेलला ट्रेनिंग द्यायचं सेटिंग असतं ते पहिल्या दिवशीच बंद केलं. २०२३ मध्ये सॅमसंगच्या इंजिनिअर लोकांनी कंपनीचा कोड चॅटजीपीटीत टाकला आणि मग कंपनीने वापरावरच बंदी घातली, त्यांचं तसं तर आपलं काय. कॉन्ट्रॅक्ट करताना विचारतात हल्ली लोक.

त्या वाचलेल्या सहा तासांमुळे मी आता एक दिवस टेक्निशियनबरोबर साइटवर जाते, पाच सहा वर्षं जाणंच बंद झालं होतं. झालं काय, महिनाअखेरीला सगळे रिपोर्ट एकत्र देऊन मी विचारते की कोणतं मशीन जास्त त्रास देतंय. त्यात एक मशीन वर आलं, तीन महिन्यांत पाच कॉल, पाचही पेपर जॅमचे, पाचही दुसऱ्या ट्रेचे, आणि वेगवेगळ्या टेक्निशियनने जाऊन तोच पिकअप रोलर, म्हणजे ट्रेमधून पेपर ओढणारा, दोनदा बदललेला. ते रिपोर्ट मी रोज वाचत होते हो, पण सुटे सुटे, एका ओळीत समोर आले तेव्हा दिसलं. असिस्टंटचा अंदाज होता की रोलर हलक्या प्रतीचे असतील किंवा ट्रे वाकला असेल, आणि वाचून मला पण तसंच वाटलं.

गेले बघायला. ट्रे ठीक, रोलर चांगला. पेपर हातात घेतला तर गार आणि किंचित मऊ. इकडे तिकडे बघितलं तर पेपरच्या रीम खिडकीखाली फरशीवर उघड्याच ठेवलेल्या, आणि वर एसीच्या पाइपमधून थेंब थेंब पाणी भिंतीवरून ओघळतंय. दमट पेपर चिकटून दोन दोन ओढला जाणारच. पाच व्हॉइस नोटमध्ये खिडकीचा उल्लेख कोणीच केला नव्हता, कोण कशाला करेल, आम्ही बोललोय मशिनबद्दल.

रीम उचलून कपाटात ठेवायला लावल्या, ट्रेमधला पेपर बदलला, एसीवाल्याला बोलवा म्हटलं. रिपोर्ट मी स्वतःच बोलले गाडीत बसून. सात आठवडे झाले, त्या मशिनचा कॉल आलेला नाही. यादीत दोन शब्द वाढवलेत, रीम आणि ओल.