मुक्तिवेगाचा हिशोब

पृथ्वीचा मुक्तिवेग सेकंदाला ११.२ किलोमीटर आहे, हे शाळेच्या पुस्तकातून बहुतेकांच्या डोक्यात पक्के बसलेले असते. त्याच्यासोबत एक गैरसमजही तितकाच पक्का बसतो, तो असा की पृथ्वी सोडून जायचे तर रॉकेटला हा वेग गाठावाच लागतो, नाहीतर ते परत खाली येते. प्रत्यक्षात, ज्याचे इंजिन सतत चालू ठेवता येते असे यान सेकंदाला एक किलोमीटर किंवा त्याहूनही सावकाश वर चढत राहिले, तरी ते पृथ्वीपासून हवे तितके दूर जाऊ शकेल. तेवढे इंधन त्याच्यापाशी असेल का, हा प्रश्न वेगळा. मुक्तिवेगाची अट लागू होते ती इंजिन बंद झाल्यावर, पुढे कोणताही धक्का न मिळता, केवळ अंगच्या वेगावर जाणाऱ्या वस्तूला. तिच्यामागे सगळा हिशोब ऊर्जेचा आहे, आणि तो एकदा नीट मांडला की सूत्र पाठ करण्याची गरज उरत नाही.

गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते, पण कुठेही शून्य होत नाही. मग अनंत अंतरापर्यंत मागे ओढत राहणाऱ्या बलाविरुद्ध चढायला अनंत ऊर्जा का लागत नाही? मला या विषयातला हाच सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटतो, आणि पाठ्यपुस्तके नेमकी इथेच समाकलनाची (सतत बदलणाऱ्या राशीची बारीक तुकड्यांनी बेरीज करण्याच्या गणिताची) एक ओळ लिहून पुढे सरकतात. समाकलनाशिवायही त्याचे उत्तर देता येते. आपण पृथ्वीच्या केंद्रापासून एका त्रिज्येच्या अंतरावर, म्हणजे पृष्ठभागावर उभे आहोत. पहिला टप्पा एका त्रिज्येपासून दोन त्रिज्यांपर्यंतचा; त्यासाठी एक किलो वस्तूला काही ठरावीक ऊर्जा लागेल. दुसरा टप्पा दोन त्रिज्यांपासून चार त्रिज्यांपर्यंतचा. या टप्प्याची लांबी पहिल्याच्या दुप्पट आहे, परंतु त्यातल्या प्रत्येक ठिकाणचे बल पहिल्या टप्प्यातल्या तशाच ठिकाणच्या बलाच्या एक चतुर्थांश आहे. दुपटीला पावाने गुणले की अर्धा येतो. म्हणून दुसऱ्या टप्प्याला पहिल्याच्या निम्मी ऊर्जा लागते. चार ते आठ त्रिज्यांच्या टप्प्याला त्याच्याही निम्मी, आणि पुढे प्रत्येक वेळी अंतर दुप्पट करताना खर्च निम्मा. एक, अर्धा, पाव, अष्टमांश ही बेरीज कितीही लांबवली तरी ती दोनच्या पुढे जात नाही. अनंतापर्यंतच्या चढणीचा सारा खर्च पहिल्या टप्प्याच्या बरोबर दुप्पट आहे, आणि याचाच अर्थ असा की त्यातला निम्मा खर्च पहिल्या ६,३७१ किलोमीटरमध्येच होऊन जातो.

आता आकडा काढू. प्रत्यक्ष बेरीज केली असता एकूण खर्च असा येतो की, पृष्ठभागावरचे गुरुत्वाकर्षण जराही कमी न होऊ देता फक्त एका त्रिज्येइतके उंच चढायला जेवढी ऊर्जा लागली असती, तेवढी ती भरते. म्हणजे एका किलोमागे गुरुत्व त्वरण गुणिले त्रिज्या. पृथ्वीचे सरासरी गुरुत्व त्वरण ९.८२ मीटर प्रति सेकंद वर्ग आणि सरासरी त्रिज्या ६३,७१,००० मीटर घेतली, तर गुणाकार सुमारे ६.२६ कोटी जूल येतो. एवढी ऊर्जा सुरुवातीलाच गतीच्या रूपाने अंगी हवी. एक किलोची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या निम्मी असते, म्हणून वेगाचा वर्ग १२.५१ कोटी, आणि वर्गमूळ सुमारे ११,१८६ मीटर प्रति सेकंद. कोणत्याही गोलासाठी हेच सूत्र असे लिहिता येते:

मुक्तिवेगाचा वर्ग = २ × गुरुत्व स्थिरांक × गोलाचे वस्तुमान ÷ केंद्रापासूनचे अंतर

निसटणाऱ्या वस्तूचे वस्तुमान या सूत्रात कुठेच नाही, कारण खर्चाच्या आणि जमेच्या दोन्ही बाजूंना ते येते आणि कटते. दिशाही नाही, कारण ऊर्जेला दिशा नसते. हवेचा अडथळा नसेल आणि मार्ग जमिनीत घुसत नसेल, तर सरळ वर फेकलेली आणि क्षितिजाला समांतर फेकलेली वस्तू सारख्याच वेगाने सुटते. मार्गाचा आकार तेवढा वेगळा. व्यवहारात पूर्वेकडे झेप घेण्याचा फायदा होतो, पण तो पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्यामुळे विषुववृत्तावर सेकंदाला सुमारे ४६५ मीटरचा वेग आयता मिळतो म्हणून. सूत्रात अंतर मात्र आहे. म्हणजेच मुक्तिवेग हा पृथ्वीचा एकच एक आकडा नसून, जितके उंच जावे तितका तो उतरत जातो. चंद्राइतक्या अंतरावर पृथ्वीच्या पकडीतून सुटायला सेकंदाला १.४४ किलोमीटर पुरतात.

हा वेग थोडासा कमी पडला तर काय होते, हे आकड्यांत पाहणे मनोरंजक आहे. मुक्तिवेगाच्या निम्म्या वेगाने वर फेकलेली वस्तू सुमारे २,१२४ किलोमीटर उंची गाठून परतते. वेग निम्मा असला तरी ऊर्जा फक्त पावपट असते. नव्वद टक्के वेग असेल तर उंची सुमारे २७ हजार किलोमीटर. नव्व्याण्णव टक्के वेगाला ती साधारण ३ लाख १४ हजार किलोमीटर होते, म्हणजे एवढ्यानेही चंद्राच्या सरासरी अंतराला वस्तू पोहोचत नाही. उरलेले सगळे विश्व शेवटच्या एका टक्क्यात आहे. आणि वेग नेमका मुक्तिवेगाइतका असेल, तर वस्तू चंद्राच्या अंतरापर्यंत सुमारे ४९ तासांत जाते, पुढेही सतत मंदावत राहते, पण कधीच थांबत नाही.

एका किलोला लागणारे ६.२६ कोटी जूल म्हणजे विजेच्या हिशोबाने सुमारे १७.४ यूनिट. एवढ्याशा ऊर्जेसाठी अवाढव्य रॉकेटे का लागावीत, असे प्रथमदर्शनी वाटते. अडचण अशी आहे की रॉकेटला आपली ऊर्जा आपल्याच पाठीवर वाहून न्यावी लागते. द्रवरूप हायड्रोजन आणि ऑक्सिजन ही रासायनिक इंधनांतली फार समर्थ जोडी. तरी तिच्या एका किलो मिश्रणातून साधारण १.३ कोटी जूलच निघतात. म्हणजे हे इंधन स्वतःचेच वजन पृथ्वीच्या पकडीबाहेर नेण्याइतकी ऊर्जा बाळगून नाही. तरीही रॉकेट उडते, कारण सगळे इंधन वर न्यायचे नसते. त्यातले बहुतेक वाटेतच जाळून मागे फेकले जाते आणि त्याची ऊर्जा शिल्लक राहिलेल्या छोट्या भागाच्या खात्यावर जमा होते.

मंगळयानाचे उदाहरण या हिशोबासाठी मला सर्वांत आवडते, कारण ते तुलनेने लहान अशा पीएसएलव्ही रॉकेटवरून गेले आणि त्यामुळे सगळे गणित उघड्यावर दिसते. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी ते पृथ्वीभोवतीच्या लांबट लंबवर्तुळाकार कक्षेत सोडले गेले. त्यानंतर दरवेळी ते पृथ्वीच्या सर्वांत जवळ आले की इंजिन थोडा वेळ चालवून कक्षेचे दूरचे टोक आणखी लांबवले जाई. शेवटी ते टोक १,९२,८७४ किलोमीटरवर पोहोचले. जवळचे टोक सोयीसाठी २५० किलोमीटर उंचीवर धरू. त्या उंचीवर मुक्तिवेग सेकंदाला १०.९७ किलोमीटर असतो, आणि अशा कक्षेतल्या यानाचा तिथला वेग १०.७९ किलोमीटर येतो. सुटकेला केवळ १८० मीटर प्रति सेकंद कमी! परंतु १ डिसेंबरच्या पहाटे इंजिनाने वेगात भर घातली ती ६४८ मीटर प्रति सेकंदाची.

मग वरचे ४७० मीटर कशासाठी? मंगळाकडे जायचे तर पृथ्वीपासून नुसते सुटून भागत नाही. सुटल्यानंतर अंगात वेग उरावा लागतो. इथे वेगांची वजाबाकी न करता वर्गांची करावी लागते, कारण ऊर्जा वर्गात मोजली जाते. १०.७९ मध्ये ०.६५ मिळवले की ११.४४ होतात; ११.४४ च्या वर्गातून १०.९७ चा वर्ग वजा केला तर १०.५ च्या आसपास उरतात, आणि त्याचे वर्गमूळ सुमारे ३.२ येते. मुक्तिवेगापेक्षा अर्धा किलोमीटरही जास्त नसलेला वेग पृथ्वीपासून दूर गेल्यावर तब्बल ३.२ किलोमीटर प्रति सेकंद होऊन हाती येतो. (इंजिन क्षणात न चालता बावीस मिनिटे चालले, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा किंचित निराळा असणार, आपला हिशोब ढोबळ आहे.) हे फुकटात काहीतरी मिळाल्यासारखे वाटते, पण तसे नाही. आधीच वेगाने जाणाऱ्या वस्तूच्या वेगात थोडी भर घातली की तिची गतिज ऊर्जा खूप वाढते, एवढेच त्यामागे आहे. हर्मन ओबर्थ यांच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो.

याची उलट बाजू तर आणखी बोलकी आहे. तेच ६४८ मीटर कक्षेच्या दूरच्या टोकाला दिले असते तर? तिथे यान अगदी रेंगाळत, सेकंदाला ०.३६ किलोमीटरने चाललेले असते, आणि तिथला मुक्तिवेगही उतरून २ किलोमीटरवर आलेला असतो. वरवर पाहता सुटायला हीच जागा सोयीची वाटते. पण बेरीज जेमतेम १ किलोमीटर होते, आणि यान पृथ्वीभोवतीच फिरत राहते. तेवढेच इंधन, तेवढाच धक्का. खाली दिला तर मंगळ, वर दिला तर पृथ्वीची चाकरी.

वर्गांचा हा नियम सूर्यालाही लागू पडतो. पृथ्वीच्या अंतरावर सूर्यापासून सुटायला सेकंदाला ४२.१ किलोमीटर लागतात. पृथ्वी स्वतःच २९.८ ने धावत असल्याने त्याच दिशेने निघालेल्या यानाला १२.३ ची भर पुरते. ही भर पृथ्वीपासून सुटल्यानंतर उरली पाहिजे, म्हणून पृष्ठभागावरून निघताना ११.२ आणि १२.३ यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ हवे, म्हणजे सुमारे १६.६. दोन आकड्यांची साधी बेरीज करून २३.५ सांगणारे लेख मी वाचले आहेत; ते चूक आहे.

पृष्ठभागावरचे वजन आणि मुक्तिवेग यांचीही अशीच गल्लत होते. युरेनसच्या ढगांच्या वरच्या थरावर गुरुत्व त्वरण सुमारे ८.९ आहे, म्हणजे तिथे आपले वजन पृथ्वीपेक्षा कमी भरेल. तरी त्याचा मुक्तिवेग २१.३ किलोमीटर, पृथ्वीच्या जवळजवळ दुप्पट. त्याची त्रिज्या पृथ्वीच्या चौपट आहे, आणि खर्च ठरतो तो त्वरण आणि त्रिज्या यांच्या गुणाकारावर. विहिरीच्या तळाशी ओढ किती आहे हे कळल्याने विहीर किती खोल आहे ते कळत नाही.

घनता सारखीच ठेवून गोल मोठा करत गेले तर मुक्तिवेग त्रिज्येच्या सरळ प्रमाणात वाढतो. याच नियमाचा धागा पकडून जॉन मिचेल या इंग्लिश धर्मोपदेशकाने १७८३ साली असा विचार मांडला की, सूर्याच्याच घनतेचा पण त्याच्या सुमारे ५०० पट व्यासाचा तारा असेल, तर त्याचा प्रकाश त्याच्यापासून सुटू शकणार नाही. पडताळून पाहणे सोपे आहे: सूर्याच्या पृष्ठभागावरचा मुक्तिवेग सुमारे ६१७.५ किलोमीटर प्रति सेकंद, आणि प्रकाशाचा वेग २,९९,७९२, भागाकार ४८५. मुक्तिवेग प्रकाशाच्या वेगाइतका धरून त्रिज्या काढली, तर सूर्याच्या वस्तुमानाला सुमारे ३ किलोमीटर आणि पृथ्वीच्या वस्तुमानाला ९ मिलिमीटर येतात, आणि आइन्स्टाइनच्या व्यापक सापेक्षता सिद्धांतातून कृष्णविवराची त्रिज्याही नेमकी तेवढीच निघते. उत्तर जुळते म्हणून विचार जुळतो असे मात्र समजू नये. मिचेलच्या ताऱ्यावरून निघालेला प्रकाश काही अंतर वर जाऊन मागे फिरतो, तर कृष्णविवराच्या क्षितिजाच्या, म्हणजे त्याच्या सीमेच्या, आतून बाहेर येणारी वाटच नसते. मिचेलने आणखीही एक गोष्ट लिहून ठेवली होती: अशा न दिसणाऱ्या ताऱ्याभोवती एखादा तेजस्वी तारा फिरत असेल, तर त्याच्या गतीवरून अदृश्य जोडीदाराचा माग काढता येईल. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सिग्नस एक्स-१ या जोडताऱ्यातल्या कृष्णविवराचा छडा लागला तो याच पद्धतीने.